स्वयंपाकघरात खुर्ची का नाही?

थंडी पडायला लागली की वर्तमानपत्रांच्या महिला-पुरवण्यांना बायकांच्या पायांची आठवण होते. ‘सुंदर पावलांसाठी घरच्या घरी’ अशा मथळ्याखाली एक कृती छापून येते. टबात कोमट पाणी घ्या, त्यात मीठ टाका, लिंबाची साल टाका आणि ‘वीस मिनिटं निवांत पाय बुडवून बसा’. शेजारी एका गोऱ्यापान पावलाचं छायाचित्र, नखांना लाल रंग, घोट्यावर पैंजण. त्या पावलाला भेग नाही, घट्टा नाही, अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड नाही. आयुष्यात कधी कुणाचं वजन पेललेलंच नाही असं ते पाऊल!

कृतीबद्दल माझी तक्रार नाही. कोमट पाण्यानं पाय हलके होतात, हे खरंच आहे. तक्रार आहे ती ‘निवांत’ आणि ‘बसा’ या दोन शब्दांबद्दल. लिहिणाऱ्याला ते फुकट पडतात. जिचे पाय खरोखर दुखतात तिनं हे दोन शब्द घरात कुणाकडून मागून आणायचे, ते पुरवणीत कधी येत नाही.

तसा आपल्या भाषेला बाईच्या पायांत रस फार. नवी नवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडते तेव्हा सगळं घर तिच्या पायांकडे बघत असतं. पुढे घरात बरकत आली तर तिचा पायगुण. कुणी दगावलं, धंदा बुडाला तर ती पांढऱ्या पायाची. मुलगी चार ठिकाणी हिंडली की तिच्या पायाला भिंगरी. मनासारखं वागली तर पाय घसरला. आणि तिनं कुठं राहावं हे सांगायला ‘पायीची वहाण पायीच बरी’ आहेच. एवढं सगळं बोलून झाल्यावर त्याच पायाला कळ लागली की बाईजवळ एकच वाक्य उरतं : ‘काही नाही गं, वय झालं की व्हायचंच.’

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण थांबवू या, असं मला म्हणायचं आहे. कारण ते खरं नाही.

ज्या दुखण्याबद्दल मी मुख्यतः लिहिते आहे त्याला मराठीत धड नावसुद्धा नाही. इंग्रजीतून आलेला शब्द ‘बनियन’, आणि तो उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नवऱ्याचा गंजीफ्रॉक येतो! बायका म्हणतात, ‘अंगठ्याजवळचं हाड वाढलंय.’ (नाव असलेल्या दुखण्यांचीही फार चैन नाही म्हणा. तळपायाच्या टोचणाऱ्या गाठीला आपण ‘कुरूप’ म्हणतो. म्हणजे दुखणंही तिचं आणि विशेषणही तिलाच.) प्रत्यक्षात बहुतेक वेळा हाड नव्यानं वाढलेलं नसतं. अंगठ्यामागचं लांब हाड हळूहळू पावलाच्या आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पावलाच्या दिशेनं सरकतं आणि अंगठ्याचं टोक उलट, बाकीच्या बोटांकडे झुकतं. मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. तोच तो उंचवटा. त्यावर चप्पल घासते, कातडी लाल होते, खाली पाणी धरतं, सूज येते. अंगठा जास्तच कलला की शेजारच्या बोटावर चढतो किंवा त्याला वर उचलतो. मग चालताना अंगठ्यानं घ्यायचा भार बाकीच्या बोटांच्या मुळांवर पडतो आणि तिथे घट्टे पडतात. म्हणजे एक दुखणं चार दुखणी घेऊन येतं.

हे किती जणींना होतं? जगभरच्या वेगवेगळ्या पाहण्या एकत्र करून २०१० साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रियांमध्ये हे प्रमाण साधारण ३० टक्के आढळलं आणि पुरुषांमध्ये १३ टक्के. नुसतं वयानंच होत असतं तर वय काय फक्त बायकांचंच होतं?

खरं कारण एकच नसतं. पायाची ठेवण आई-आजीकडून येते, आणि सांधे सैल असलेल्यांना हे लवकर होतं. पण ठेवणीचं निमित्त करून बाकी सगळ्यांना मोकळं सोडायचं का? १९५८ साली हाँगकाँगमधली एक पाहणी प्रसिद्ध झाली. एकाच समाजातले बूट घालणारे आणि अनवाणी राहणारे लोक तिनं तपासले. बूटवाल्यांत अंगठा कलल्याचं प्रमाण ३३ टक्के निघालं, अनवाणी लोकांत २ टक्क्यांच्या आसपास. ठेवण तीच, फरक पादत्राणाचा!

हे वाचून ‘बघा, आपल्या आज्या अनवाणी चालायच्या, किती छान होतं’ असं म्हणणारे लगेच पुढे येतील. त्यांनी थांबावं. आज्या हौसेनं अनवाणी नव्हत्या. घरातल्या पुरुषाला वहाणा आणि बाईला काटे, ही रीत होती. दलितांना तर सवर्णांच्या आळीतून जाताना पायातल्या वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. चप्पल घालणं हे आपल्याकडे माणूसपण मागण्याचा भाग होतं, ते तसं सहजासहजी मिळालेलं नाही. तेव्हा मुद्दा चपलेविरुद्धचा नाही. ज्या चपला आपल्याला दिल्या जातात त्यांच्याविरुद्धचा आहे.

कुठल्याही गावातल्या चपलांच्या दुकानात जा. ‘जेन्ट्स’ आणि ‘लेडीज’ अशा दोन बाजू असतात. पुरुषांच्या बाजूला जाड तळ, रुंद पुढा, पाय धरून ठेवणारा पट्टा. बायकांच्या बाजूला चकाकणाऱ्या टिकल्या, पुठ्ठ्यासारखा पातळ तळ, पुढे निमुळतं टोक, मागे उंच टाच. दिवसभर जास्त उभी राहणारी कोण आणि तळ पातळ कुणाचा! दुकानदार सांगतो, ‘वापरल्यावर सैल होईल ताई.’ चप्पल सैल होत नाही. पाय मोडतो, आणि मोडलेला पाय त्या चपलेत नीट बसतो.

यात आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे चपलांचे नंबर इंग्रजांच्या मापानं चालत आले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले आणि सांगितलं की भारतीयांची पावलं युरोपातल्या लोकांपेक्षा रुंद असतात. त्यावरून भारतासाठी वेगळी मापं सुचवण्यात आली, २०२४ साली त्याच्या बातम्याही आल्या. म्हणजे ‘माझं पाऊलच मेलं फताडं आहे’ असं म्हणत ज्या बायका वर्षानुवर्षं लाजत आल्या, त्यांचं पाऊल ठीकच होतं. साचा दुसऱ्याचा होता.

जिथे नोकरीच टाचेवर उभी असते तिथे तर निवडही नसते. जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावा या स्त्रीनं, नोकरीवर बायकांना उंच टाचेचे बूट सक्तीचे करू नयेत म्हणून मोहीम चालवली. जपानीत बुटाला ‘कुत्सु’ म्हणतात आणि वेदनेला जवळजवळ तोच उच्चार असलेला शब्द आहे, म्हणून मोहिमेचं नाव ‘कुटू’. हजारो सह्या सरकारकडे गेल्या. तिथल्या कामगारमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की समाजाला जे गरजेचं आणि योग्य वाटतं त्या मर्यादेत अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. मंत्रिमहोदय स्वतः काय घालून उभे होते हे सांगायला नकोच.

आता चपलेचं राहू द्या. पायावरचा दुसरा भार त्याहून मोठा आहे, आणि तो घरातला आहे.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०१९ साली देशातली माणसं आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरातलं बिनमोल काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि असं काम करणारे जे थोडे पुरुष सापडले ते ९७ मिनिटं. हीच पाहणी २०२४ मध्ये पुन्हा झाली. बायकांची २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली, पण त्याच पाच वर्षांत पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं वाचवून घेतली! हे जवळजवळ पाच तास बाई कशी असते? बहुतांशी उभी. भांडी, पोळ्या, कपडे वाळत घालणं, नळाची रांग, देवाची तयारी, आल्यागेल्याचा चहा. यात मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं धरलेलं नाही, ते वेगळं मोजलं आहे. आणि बाहेरची नोकरी वेगळीच.

पूर्वी चूल जमिनीवर होती. धूर होता, गुडघे जायचे, कंबर जायची, त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. पण पाट होता. विळीवर बसून भाजी चिरली जायची, पोळपाट मांडीसमोर असायचा. मग शहरांत चाळी गेल्या, ब्लॉक आले आणि ‘उभा ओटा’ आला. तो आला तेव्हा बायकांना हायसं वाटलं, आणि वाटायलाच हवं होतं. फक्त ओटा उभा करताना बाईला बसायला काय, हा प्रश्न ना वास्तुरचनाकाराला पडला, ना बिल्डरला, ना घरातल्या माणसांना. आज मध्यमवर्गीय घरातल्या खुर्च्या मोजा. बैठकीत सोफा, जेवणाच्या टेबलाभोवती चार किंवा सहा, मुलाच्या अभ्यासाला चाकाची, गॅलरीत झोपाळा. फ्रीज मावतो, मिक्सर मावतो, ओव्हन मावतो. आणि जिथे घरातलं एक माणूस रोज तासन् तास असतं त्या स्वयंपाकघरात बसायला एक साधं स्टूलही नसतं. ‘जागा कुठाय?’ असं उत्तर मिळतं. जागा नसते हे खरं, पण गॅसचा दुसरा सिलिंडर ठेवायला सापडते.

आणि ठेवलं तरी बसून पोळ्या लाटणारी बाई दिसली की घराला चैन पडत नाही. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असलं नव्हतं. नवरा गमतीनं म्हणतो, मॅडम आज बसून! बाईनं बसणं म्हणजे काम संपलं असणं, असा एक समज आपल्या हाडीमाशी भिनला आहे. काम चालू असताना बसली तर ती आळशी, आणि काम तर कधीच संपत नाही. मग तिनं बसायचं केव्हा?

हाच समज बाजारात मालकाच्या कामी येतो. लग्नसराईत साड्यांच्या दुकानात जा. आपण गादीवर मांडी घालून बसतो आणि समोर विशी-पंचविशीची मुलगी सकाळपासून उभी असते. गिऱ्हाईक नसलं तरी उभीच, कारण बसलेली विक्रेती ‘चांगली दिसत नाही’. केरळमध्ये याच प्रश्नावर बायका उठल्या. कोळिकोडला विजी यांनी ‘पेणकूट्टु’ ही कष्टकरी बायकांची संघटना बांधली. सुरुवात झाली ती दुकानात काम करणाऱ्या बायकांना लघवीला जायची सोय नव्हती त्यावरून, मग मागणी आली बसण्याच्या हक्काची. त्रिशूरच्या एका मोठ्या साडीदुकानातल्या बायका याच मागणीसाठी महिनोन् महिने दुकानाबाहेर बसून राहिल्या. २०१८ मध्ये केरळ सरकारला दुकाने कायदा बदलावा लागला, विक्रेत्यांना बसायची सोय देणं मालकावर बंधनकारक झालं. २०२१ मध्ये तामिळनाडूनं तसंच कलम घातलं. खरं तर कारखान्यांच्या बाबतीत हे १९४८ सालीच लिहिलं गेलं होतं. त्या साली झालेल्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात, उभं राहून काम कराव्या लागणाऱ्यांना अधूनमधून टेकण्यासाठी बसायची सोय हवी असं म्हटलं होतं. सत्तर वर्षं मध्ये गेली तेव्हा ते कलम साडीच्या दुकानापर्यंत पोचलं, आणि तेही दक्षिणेतल्या. आपल्या गावच्या दुकानात पुढच्या वेळी जाल तेव्हा काउंटरच्या मागे जरा डोकावून बघा, स्टूल दिसतं का.

आणि आपल्याच घरात बघा. भांडी-धुण्याला येणारी बाई चार घरं करून आपल्याकडे येते. चप्पल दाराबाहेर, ओल्या फरशीवर पाय अनवाणी. बोटांच्या बेचक्यांत बाराही महिने चिखल्या. चहा प्यायला ती जमिनीवर टेकते, कारण खुर्चीवर बसलेली आपल्यापैकी अनेकींना चालत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला खरा, पण तो नोंदणीचा आणि मदतीचा कायदा. मोरीतल्या ओल्या फरशीपर्यंत तो येत नाही. तिथे आपणच सरकार असतो. घरात घालायला रबरी स्लिपरचा एक जोड तिच्यासाठी ठेवणं आणि बसायला स्टूल देणं, याला कुठलं मंडळ लागतं?

बायकांचे पाय समाजाला दिसले ते एकदाच, मार्च २०१८ मध्ये. नाशिकहून मुंबईला सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकरी मोर्चात हजारो आदिवासी बाया होत्या. वनजमीन त्या कसतात आणि तिचा सातबारा त्यांच्या नावे नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. सोललेल्या तळव्यांची छायाचित्रं पहिल्या पानावर आली, मुंबईकर चपला घेऊन रस्त्यावर धावले. चांगलंच केलं. पण ते तळवे त्या सहा दिवसांत सोलले असले तरी झिजले होते आधीच्या कित्येक वर्षांत, भातलावणीच्या चिखलात आणि लाकडाच्या मोळीखाली.

आता घरी काय करायचं ते. हे मी मुद्दाम नंतर ठेवलं आहे, कारण आधी लिहिलं असतं तर तेवढंच कापून ठेवलं गेलं असतं.

पहिली गोष्ट चपलेची. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, वर्तमानपत्रावर दोन्ही पायांवर भार देऊन उभ्या राहा आणि कुणाला तरी पेन्सिलनं पावलाभोवती रेघ मारायला सांगा. (नवऱ्याला सांगा. या निमित्तानं तो तुमच्या पायाजवळ बसेल.) त्या आकृतीवर आपली रोजची चप्पल ठेवा. चप्पल रेघेच्या आत राहिली तर दुखण्याचं निम्मं कारण तुमच्या हातात आहे. नवी घ्यायला जाताना हा कागद घडी करून न्या. खरेदी संध्याकाळीच करा, दोन्ही पायांत घालून चालून बघा, मोठ्या पायाच्या मापानं घ्या. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, उंचवट्यावर शिवण येता कामा नये. टाच दीड-दोन इंचांहून उंच नकोच, तळ जाड पण मऊ हवा. मागे पट्टा असलेली, वरून रुंद पट्ट्यानं सैल-घट्ट करता येणारी सँडल बहुतेकींना बरी पडते. पुरुषांच्या बाजूची बसत असेल तर बेलाशक ती घ्या, पायाला लिंग कळत नाही. कातडी चप्पल आधीच घेऊन ठेवली असेल तर कोपऱ्यावरच्या गटई कामगाराकडे न्या. ते उंचवट्याच्या जागी ती ओढून सैल करून देतात, पट्टा सरकवून देतात. या लोकांना पायाचं जेवढं कळतं तेवढं शोरूमच्या मुलाला कळत नाही.

दुखरा भाग लाल होऊन सुजला असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून पाच-दहा मिनिटं धरा, दिवसातून दोन-तीन वेळा चालेल. औषधाच्या दुकानात मऊ गोल गादी मिळते, ती उंचवट्यावर लावली की घासणं थांबतं. चपलेत आधी जागा हवी मात्र, नाहीतर गादीचाच दाब पडतो. पायाच्या बोटांनी जमिनीवरचं फडकं गोळा करणं, बोटं फाकवणं, भिंतीला हात टेकून पोटरी ताणणं, यांनी पायाचे स्नायू जागे राहतात आणि बरं वाटतं. पण यानं हाड जागेवर जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रात्री पट्टा बांधून अंगठा ‘सरळ करणाऱ्या’ वस्तूंच्या जाहिराती सध्या फार दिसतात. मोठ्या माणसाचं सरकलेलं हाड त्यांनी कायमचं परत जात नाही. बांधलेलं असेपर्यंत थोडा आराम वाटला तर वाटेल, एवढंच. हळद, एरंडाचं पान, कसलासा लेप यांचंही तेच.

कोमट पाण्यात पाय जरूर बुडवा. नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, आणि टाचांना कोकणातलं कोकमतेल किंवा साधं खोबरेल लावा. बेचक्यांत मात्र तेल नको, चिखल्या वाढतात. काशाची वाटी घासून घेतली की झोप चांगली लागते, हा अनुभव पुष्कळजणींचा आहे आणि त्यात काही वाईट नाही. फक्त एक इशारा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पाणी आधी कोपरानं तपासावं किंवा दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं. पायाची संवेदना कमी झालेली असते, भाजलेलं कळत नाही. त्यांनी बर्फ, गरम वीट, काशाची वाटी यांच्या नादी लागू नये. ब्लेडनं कुरूप कापू नये, कुरुपाच्या औषधी पट्ट्या लावू नयेत. रोज झोपताना आरसा खाली धरून तळवे बघावेत. हे सगळ्यांनाच लागू आहे, पण मधुमेही बाईच्या बाबतीत एका दुर्लक्षित जखमेची किंमत पाय असू शकते.

जोडव्यांचंही बोलायला हवं. अंगठा कलून शेजारच्या बोटावर चढायला लागला की जोडवं दोन्हींच्या मध्ये चेंगरतं, कातडी सोलली जाते, बोट सुजतं. तरी ते काढायचं नाही, सौभाग्याचा प्रश्न! नवऱ्याचं आयुष्य बायकोच्या सुजलेल्या बोटावर टांगून ठेवणारा हा कसला हिशेब? काढून ठेवा. निघत नसेल तर सोनाराकडून कापून घ्या, आणि विधवेला जोडवी नकोत असं म्हणणाऱ्या समाजाला विचारा की मग सधवेच्या बोटाचं काय.

डॉक्टरकडे केव्हा जायचं? अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लाल, गरम, हात लावू न देणारा झाला तर तो वातरक्ताचा झटका किंवा जंतुसंसर्ग असू शकतो, थांबू नका. सकाळी उठल्यावर हाताच्या बोटांचे सांधेही आखडत असतील तर ती आमवाताची सुरुवात असू शकते. बधिरपणा, न भरणारी जखम, रोजचं चालणं अडवणारी कळ, या सगळ्यासाठी जायचं. ‘वजन कमी करा’ एवढंच सांगून कुणी वाटेला लावलं तर त्यांना सांगा, करते, पण आधी पाय बघा.

शस्त्रक्रिया असते. हाड कापून जागेवर बसवतात. दिसायला वाईट म्हणून ती करू नये, दुखणं कशानंच आटोक्यात येत नसेल तेव्हाच तिचा विचार. पुढे काही आठवडे पायावर पूर्ण भार टाकता येत नाही, सूज जायला महिने लागतात, आणि काहीजणींचा अंगठा पुन्हा कलतो. हे सगळं डॉक्टर समजावून सांगतात. पण बाईचा नकार येतो तो यातल्या कशामुळेच नाही. ‘सहा आठवडे घरातलं कोण बघणार?’ एवढ्या एका प्रश्नावर ती उठते आणि लंगडत घरी येते. हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा नाही. तो घरी, सगळे जेवायला बसलेले असताना, मोठ्यानं विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत वाढायचं थांबवायचं.

शस्त्रक्रियेची पाळी न येताही रोज करण्यासारखी गोष्ट म्हणजे बसणं. तेव्हा स्टूल घ्या. घ्यायला जाण्याआधी ओट्याची उंची जमिनीपासून मोजा, बैठक त्याच्यापेक्षा वीतभर खाली हवी. चार पायांचं घ्या, तीन पायांचं कलंडतं. खाली पाय टेकवायला आडवी दांडी असलेलं, पायांना रबरी टोप्या असलेलं बघा. ओट्याखाली कपाट असल्यामुळे गुडघे आत जात नाहीत, आणि तिरकं बसून कंबर दुखते. त्यावर उपाय सोपा आहे. शेगडीच्या शेजारच्या कप्प्याचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाका आणि त्यातले डबे बाहेर काढा. डबे कुठं ठेवायचे ते घरातल्या बाकीच्यांना ठरवू द्या.